मेयर वर आला होता

१

ट्रूडी पिकेटने सकाळी तळ्यावरून जी हाक मारली, तिने विलो बेंड या कॅम्परच्या, म्हणजे चाकावरच्या घरांच्या, पार्कमधली झाडून सगळी माणसं जागी झाली. कुणी तोंडात ब्रश धरून धावलं, कुणी पायजम्यावर. वर्लीन हॉस्टेटरने मात्र आधी कपात कॉफी भरून घेतली आणि मगच ती निघाली. ओरडणारं माणूस जिवंत असतं, तेव्हा पळायची गरज नाही, असं तिचं साधं गणित होतं.

छोट्या तळ्याच्या काठाला मासे लागले होते. पांढरी पोटं वर करून, गवताला टेकून, ओळीने. हातभर लांबीचे बास, त्याहून मोठे कॅटफिश. आणि त्यांच्या मधोमध, कुणीतरी ओंडका टाकावा तसा, मेयर.

मेयर म्हणजे त्या तळ्यातला सगळ्यांत जुना कॅटफिश, तळ्याचा महापौरच. तो गळाला लागला तरी सोडून द्यायचा, असा पार्कचा नियमच होता. रोज संध्याकाळी म्हातारा डेल्मर ओक्स बाकावरून दाणे टाकायचा आणि मेयर आपलं ते भलंमोठं मिशाळ तोंड उघडून हजर व्हायचा. येणारी पोरं त्याच्या डोक्याला हात लावून बघायची आणि किंचाळत पळायची.

"विष आहे हे, सरळसरळ विष!" लॉनी बीसन गुडघ्यावर बसून म्हणाला. लॉनी म्हणजे जिल्ह्याच्या मासेमारी क्लबचा अध्यक्ष. त्याच्या कॅम्परच्या काचेत बक्षिसाचे कप असे मांडलेले, की बाहेरून पडद्याची गरज नव्हती. माशांच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "अगं ट्रूडी, मी नाव घेणार नव्हतो. पण मी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारा मैल्याची टाकी ओढत इथूनच चालला होता. आणि झाकणातून गळत होतं."

सगळ्यांच्या माना डेल्मरकडे वळल्या. तो टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने लॉनीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर मेयरवर होती.

"काका, खरं आहे का?" ट्रूडीने विचारलं. पार्क तिचा होता, आणि रागही.

"टाकी नेली होती मी," डेल्मर म्हणाला. "झाकण गळतं, हेही खरं. मीच केलं असेन."

"मग रविवारपर्यंत जागा मोकळी करा. मला माफ करा, पण मला दुसरं काही करता येत नाही."

जागा मोकळी करा म्हणणं सोपं होतं. डेल्मरचा कॅम्पर बायको वारल्यापासून जागचा हललेला नव्हता. टायरला बोट लावलं तर पोपडे निघायचे. फाटकापर्यंत गेला तरी नशीब, आणि फाटकाबाहेर त्याचं म्हणून काही नव्हतं.

वर्लीनने कप गवतात ठेवला आणि ती वाकली. मेलेल्या माशांच्या शेपट्यांमधून, उथळ पाण्यात, बोटाच्या पेराएवढी पिल्लं हुंदडत होती. शेकड्यांनी. तिच्या सावलीला घाबरून ती फुर्रकन पांगली आणि परत जमली.

"ट्रूडी," ती उठत म्हणाली, "रविवार लांब आहे. तोवर मला जरा विचारपूस करू दे."

२

वर्लीन आणि तिचा नवरा गेलन हे पार्कचे राखणदार. फुकट जागेच्या बदल्यात तो फाटक उघडायचा आणि गवत कापायचा, ती न्हाणीघरं धुवायची आणि भांडणं मिटवायची. त्याआधी तिने उभा जन्म विमा कंपनीत काढला होता. गारपीट झाली की शिडी लावून लोकांच्या छपरांवर चढायचं आणि कुठला खड्डा गारेने पडलाय, कुठला मालकाने हातोड्याने पाडलाय, ते सांगायचं. हातोडावाले तिला बघूनच शिडी धरायला पुढे यायचे. तीच त्यांची पहिली चूक.

घरी गेलन अंडी तळत होता. डोळे लाल, चेहरा पडलेला.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," तो म्हणाला.

"तरी म्हटलं होतं, ती झणझणीत चिली तिसऱ्यांदा वाढून घेऊ नकोस."

"चिलीचं नाव काढू नकोस. काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं होत होतं गं. वाटलं, तू घोरत नाहीयेस म्हणून असेल. उठून पाहिलं, तर तू नेहमीसारखी घोरत होतीस."

"मी घोरत नाही."

"बरं. मग कुणीतरी शेजारी ट्रॅक्टर चालवत होतं."

वर्लीनने ते सोडून दिलं. तिच्या डोक्यात पिल्लं होती. "गेलन, छपरावर चढल्यावर मी सगळ्यांत आधी काय बघायचे, सांग बरं."

"कुत्रं बांधलंय की नाही."

"त्यानंतर?"

"काय मोडलंय ते."

"चूक. काय मोडलेलं नाही ते." तिने त्याच्या ताटातली अर्धी अंडी आपल्या पोळीत गुंडाळली आणि गोल्फ कार्टची किल्ली उचलली. "गार पत्रा ओळखत नाही आणि कौल ओळखत नाही. जे समोर येईल ते फोडते. हातोडा मात्र निवडून मारतो. या तळ्यावर कुणीतरी निवडून मारलंय."

"माशांना?"

"मोठ्या माशांना," ती म्हणाली, आणि त्याने अंडी परत मागायच्या आत निघून गेली.

३

डेल्मर बाकावर बसला होता. ते बाक त्याने आणि त्याच्या बायकोने, इर्माने, मिळून केलेलं. इर्मा गेल्यावर तिची राख त्याने याच तळ्यात सोडली होती, ट्रूडीच्या वडिलांच्या परवानगीने. आता पायाशी फावडं होतं आणि विलोच्या झाडाखाली ताजी माती.

"मेयरला पुरलंत?" वर्लीनने शेजारी बसत विचारलं. मग मोठ्याने परत विचारलं, कारण डेल्मरच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता.

"त्याला काय कचऱ्यात टाकू?"

"टाकी घेऊन निघालात तेव्हा किती उजाडलं होतं?"

"झुंजूमुंजू. धुकं होतं. मी रोज तेव्हाच नेतो. माझ्या जागेला गटाराचा पाइप नाही, ठाऊक आहे तुला. पण गेलन फाटक उघडायच्या आत मी परत आलेला असतो. आपली घाण आपणच ओढतोय, हे माणसाने चारचौघांत का दाखवावं?"

"म्हणजे फाटक उघडल्यावर तुम्ही टाकी घेऊन कुणालाच दिसत नाही?"

"मला दिसायचंच नसतं, वर्लीन."

ही गोष्ट तिने नीट घडी घालून मनात ठेवली.

"आणि आज मेयर दिसला होता?"

डेल्मरने टोपीची कड दोन्ही हातांनी दुमडली. "वर आला होता. पहाटे तो कधी येत नाही. तोंड पाण्याबाहेर काढून उघडत होता, मिटत होता, उघडत होता. मला वाटलं, भूक लागलीय. खिशात दाणे होते, टाकले. त्याने खाल्ले नाहीत. मी म्हटलं, मेयरसाहेब, आज नखरे का? आणि पुढे गेलो. तो मरत होता, आणि मी थट्टा केली."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "डेल्मर, विष प्यालेला मासा तोंड वर काढून दम खात नाही. तुमच्या टाकीच्या दोन थेंबांनी हे झालेलं नाही. ते मी सिद्ध करीन."

"कसं?"

"ते अजून मला माहीत नाही," ती म्हणाली. पण म्हणाली अशा ठसक्यात, की म्हाताऱ्याने टोपी परत डोक्यावर ठेवली.

४

तळ्याला लागून वेंडेल केसलरची सोयाबीन. तणनाशक मारताना तो निम्मं आभाळाला मारतो, अशी गावची तक्रार. वर्लीन आलेली बघूनच त्याने ट्रॅक्टर बंद केला.

"मला माहीतच होतं! जगात कुठे काही मेलं की आधी वेंडेल!"

"मी अजून काही बोलले नाही."

"तोंडावर दिसतंय तुझ्या. ऐक. त्या तळ्याचा ओढा माझ्या कुरणात येतो. माझ्या गाई तेच पाणी पितात. मी तळ्यात विष घालीन, तर आधी माझ्याच गोठ्यात रडारड होईल. बघ त्या. रवंथ करतायत."

गाई खरंच रवंथ करत होत्या. ओढ्यात बेडक्या उड्या मारत होत्या. वर्लीनने मान डोलावली.

"आणि तुझ्याच लोकांना सांग," वेंडेल आता रंगात आला होता, "गवताच्या गाड्यांची मागची वाट आहे ना, तळ्यापलीकडे? तिथे मी साखळीला दोरीची गाठ मारतो. आकडा निसटतो म्हणून. आज सकाळी बघतो तर गाठ गायब, नुसता आकडा. काल दिवे लागेपर्यंत मी इथेच होतो, तेव्हा गाठ होती. कोण आलं रात्री माझ्या वाटेने?"

रात्री दहानंतर पार्कात गाडी आणायची नाही, हा विलो बेंडचा दुसरा पक्का नियम. तो मोडणाऱ्याला ट्रूडी पुढच्या हंगामात जागाच देत नसे. पुढच्या फाटकापाशी हॉस्टेटरांचा कॅम्पर होता. मागच्या वाटेवर मात्र कुणी नव्हतं.

वर्लीनने गोल्फ कार्ट तिकडे वळवली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, विलोच्या पडद्यामागे, छोटंसं कुरण होतं. गवतात दोन चौकोन दबलेले होते, फळीच्या मापाचे. उतारावर गाडी समतल करायला कॅम्परवाले चाकाखाली फळ्या घालतात, तसेच. एकाच बाजूला.

चौकोनांपासून दोन पावलांवर विजेचा खांब होता. आणि त्या खांबाला, कॅम्परला लागतो अगदी तसलाच, एकच प्लग लावायची जागा. तिथे एक जाड काळी वायर खोचलेली होती. वर्लीन वायरीमागोमाग गवतातून गेली. काठावरच्या लाकडी पेटीपाशी ती संपली. पेटीतून घरघर येत होती.

तिने परत येऊन प्लगला हात घातला आणि तो उपसला. घरघर थांबली. सगळा तळ्याचा काठ एकदम मुका झाला.

"अरे देवा," वर्लीन मोठ्याने म्हणाली, "गेलनची चिली निर्दोष आहे." आणि तिने प्लग घाईघाईने परत खोचला.

५

बीसनांच्या दारात छत ताणलेलं होतं आणि लॉनीची बायको पेग पीचचं गोड कॉब्लर कापत होती. पेगला पाहुणा आला की आनंद व्हायचा. लॉनीला आज होत नव्हता.

"म्हाताऱ्याची वकिली करायला आलात, वर्लीनबाई?"

"कॉब्लर खायला आले. वकिली झाली तर झाली. तुम्ही आज सकाळीच आलात ना?"

"फाटक उघडल्याबरोबर पहिले आम्हीच. विचारा गेलनला. रात्री हायवेवरच्या एका दुकानाच्या आवारात झोपलो. इथे दहानंतर येता येत नाही, मला नियम माहीत आहेत."

"असल्या उकाड्यात, डांबरावर? तीन दिवस वारा नाही, ऊन नाही, नुसतं दमट. कशी गं झोप लागली तुला, पेग?"

"उकाडा?" पेग हसली. "मी तर गोधडीत होते! याला एसी म्हणजे बर्फाचा कारखाना लागतो. पहाटे पाय इतके गारठले की मोजे घातले. मला तर ट्रकमध्येच झोप लागली होती, कधी पोचलो नि कधी अंथरुणात शिरले तेही आठवत नाही. सकाळी नीट जाग आली ती इथे पार्कातच."

लॉनीच्या हातातला काटा बशीत पडला.

"जनरेटर घेतलात वाटतं नवा?" वर्लीनने सहज विचारलं.

"कुठला मेला जनरेटर!" पेग म्हणाली. "दरवर्षी म्हणतो घेऊ, आणि दरवर्षी नवा गळ आणतो."

वर्लीनने शेवटचा घास संपवला आणि बशी चाटल्यासारखी स्वच्छ केली. "कॉब्लर फक्कड झालंय. संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमतायत, या दोघं. लॉनी, तू तर यायलाच हवंस. माशांमधलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

६

शेडमध्ये त्या दिवशी कुणाला मासे तळायची हिंमत झाली नाही. गेलनने सॉसेज भाजले. डेल्मर कडेला बसला होता, सामान बांधायला मागितलेली रिकामी खोकी पायाशी घेऊन.

"मी फार वेळ घेणार नाही," वर्लीन बाकावर चढून म्हणाली. तिला उंचावर उभं राहिल्याशिवाय विचार सुचत नसे. "पाण्यात विष पडलं की आधी कोण मरतं? पिल्लं. त्यांचा जीव केवढा! पण इथे पिल्लं खेळतायत आणि थोराड मासे मेले. ओढ्यातल्या बेडक्यासुद्धा धडधाकट आहेत. मग पाण्यात जास्त काही पडलेलं नाही, पाण्यातलं काहीतरी कमी झालंय. हवा. मोठ्या माशाला हवा जास्त लागते, म्हणून तो आधी गुदमरतो. मेयर पहाटे वर येऊन तोंड उघडत होता, तो भुकेने नव्हे. दम घेत होता बिचारा."

डेल्मरने मान वर केली.

"पण काठावरच्या पेटीत हवेचा पंप आहे की!" ट्रूडी म्हणाली. "ढगाळ, कोंदट दिवसांत तळ्याचा दम राहावा म्हणूनच रात्रंदिवस चालू ठेवते मी. सकाळी चालू होता, मी ऐकलाय."

"सकाळी होता. रात्री नव्हता. त्याच्या घरघरीशिवाय माझ्या नवऱ्याला झोप लागली नाही, आणि आळ माझ्यावर आला."

लोक हसले. लॉनी हसला नाही.

"काल रात्री उशिरा एक कॅम्पर मागच्या वाटेने आला. वेंडेलची गाठ सोडून. पुढून आला असता तर नियम मोडल्याचं कळलं असतं. अंधारात कुरणात खांब दिसला. आपल्यापैकी कुणालाही तो खांब जागेचाच वाटेल. खोचलेला प्लग दिसला, तर वाटेल, कुणीतरी वायर विसरून गेलंय. आपण काय करू? तो काढू, आपला लावू आणि एसी सुरू करू. सकाळी निघताना, सभ्य माणसं म्हणून, होता तसा परत खोचू. मीही हेच केलं असतं. इथपर्यंत कुणाचाच गुन्हा नाही."

ती बाकावरून उतरली आणि लॉनीसमोर उभी राहिली.

"डेल्मर फाटक उघडायच्या आत टाकी ठेवून आलेला असतो. तू फाटक उघडल्यावर आलास. मग तुला तो दिसला कुठून, लॉनी? आणि दुकानाच्या आवारात, जनरेटर नसताना, तुझ्या बायकोचे पाय कुठल्या एसीने गारठले?"

"म्हातारा रोज ओततो ते! कुणालाही वाटलं असतं विष म्हणून..."

"कुणालाही वाटलं असतं. तुला नाही. तू काचेत कप मांडून बसलेला माणूस. एवढे मोठे मासे मेलेले आणि पिल्लं जिवंत बघून तुला पहिल्या नजरेत कळलं, की हे गुदमरून मेलेत. माझा संशय तिथेच सुरू झाला. ज्याला सगळ्यांत जास्त कळतं, तोच सगळ्यांत आधी चुकीचं बोलला."

पेग उठली.

"लॉनी, आपण कुठे झोपलो होतो काल?" तिने विचारलं. "मी बेडूक ऐकले होते. मला वाटलं, स्वप्नात. सांग. नाहीतर मी सांगते."

लॉनीने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. "पहाटे तो प्लग परत खोचल्यावर पेटीची घरघर सुरू झाली, तेव्हा कळलं मला. पुढून आलो, तर मासे वर. क्लब, नाव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि म्हातारा टाकी घेऊन जाताना दिसला होता. तोंडातून निघून गेलं."

"तोंडातून निघालं ते निघालं. दिवसभर परत का घेतलं नाहीस?" ट्रूडी ओरडली. मग तिचाच आवाज खाली आला. ती डेल्मरपाशी गेली आणि त्याच्या पायाशी ठेवलेली खोकी एकेक करून चपटी करू लागली. "काका, मी विचारायलाही थांबले नाही. मला लाज वाटते. तुम्ही कुठेही जायचं नाही. जायचं तर यांनी."

डेल्मरने चपट्या खोक्यांवरून नजर वर्लीनकडे वळवली.

"म्हणजे मी नाही मारलं त्याला," तो म्हणाला.

"नाही," वर्लीन म्हणाली.

त्याने डोळे पुसले आणि तो लॉनीकडे वळला. "ट्रूडी, याला घालवू नकोस. चूक कुणाच्याही हातून होते. पण लॉनी, सकाळपासून मी समजत होतो, की इर्माच्या तळ्यात मीच घाण घातली. ते तू मला समजू दिलंस. त्याचं काय करायचं?"

"तुम्ही म्हणाल ते, काका."

"हंगाम संपेपर्यंत माझी टाकी तू न्यायचीस. रोज."

"नेतो. पहाटेच येतो, कुणी उठायच्या आत."

"पहाटे नाही," डेल्मर म्हणाला. "गेलनने फाटक उघडल्यावर ये."

७

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला जिल्ह्याच्या मासेमारी क्लबचा अध्यक्ष चाकाची टाकी ओढत तळ्याच्या काठाने निघाला. प्रत्येक छताखाली कुणी ना कुणी कॉफी पीत बसलेलं होतं आणि प्रत्येकजण त्याला गुड मॉर्निंग म्हणत होता. पेटीची घरघर चालू होती. गेलन रात्री असा झोपला होता, की फाटक उघडायला त्याला उशीर झाला.

डेल्मर बाकावर होता. त्याने मूठभर दाणे पाण्यात टाकले. बराच वेळ नुसती पिल्लंच नाचली. मग विलोच्या सावलीतून एक कॅटफिश आला, मेयरच्या निम्म्यानेही नसेल, आणि एक दाणा उचलून लगेच बुडाला.

"लाजतोय," शेजारी बसलेली वर्लीन म्हणाली. "नाव काय ठेवणार?"

"आधी निवडून तर येऊ दे," डेल्मर म्हणाला. मग मागे वळून, सगळ्या पार्काला ऐकू जाईल असा, ओरडला, "लॉनी, जरा सांभाळून रे! झाकण गळतं!"